घरी बसून पाहिलेला अटीतटीचा फुटबॉल सामना – मराठी निबंध आणि सराव

विद्यार्थी मित्रांनो, ‘मी पाहिलेला सामना’ हा निबंध परीक्षेत हमखास विचारला जातो. बहुतेकांच्या वहीत तो क्रिकेटचाच असतो आणि शेवटच्या चेंडूवर षटकार मारून आपला संघ जिंकतो! आज आपण जरा वेगळा विषय घेऊया. हा निबंध फुटबॉलच्या एका अंतिम सामन्यावर आहे. यातली तारीख, खेळाडूंची नावं, गोलांची मिनिटं सगळं खरं आहे. आधी थोडी माहिती वाचा, मग निबंध वाचा आणि शेवटी दिलेला सराव वहीत करा.

सामन्याआधीची माहिती

इंडियन सुपर लीग, म्हणजेच आयएसएल, ही फुटबॉल स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. मुंबई सिटी एफसी हा आपला संघ पहिल्या वर्षापासून त्यात खेळतो. अंधेरी पश्चिमेला शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल आहे. तिथलं फुटबॉल मैदान हे या संघाचं घरचं मैदान.

२०२०-२१ च्या मोसमात मात्र करोनामुळे सगळे सामने गोव्यातच झाले. मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशा तीन ठिकाणी सामने खेळवले गेले, तेही प्रेक्षकांशिवाय. म्हणजे तुम्ही अंधेरीला राहा नाहीतर मुलुंडला, सामना बघायचा तर घरातल्या टीव्हीवरच!

साखळी सामने संपले तेव्हा मुंबई सिटी आणि कोलकात्याचा एटीके मोहन बागान या दोन्ही संघांचे ४० गुण झाले होते. एकमेकांविरुद्धच्या सामन्यांत मुंबई सरस होती, म्हणून पहिला क्रमांक मुंबईला मिळाला. उपांत्य फेरीत मुंबईने एफसी गोवाला पेनल्टीवर ६-५ असं हरवलं. अंतिम सामना ठरला १३ मार्च २०२१ रोजी, फातोर्डा मैदानावर. समोर पुन्हा एटीके मोहन बागान. मुंबईने तोपर्यंत हा चषक एकदाही जिंकला नव्हता.

निबंध : मी पाहिलेला अटीतटीचा सामना

शनिवारची संध्याकाळ होती. मुलुंडच्या आमच्या छोट्या घरात साडेसातच्या आधीच सगळे टीव्हीसमोर बसले होते. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. सासूबाई मेथी निवडत होत्या. सासरे, म्हणजे आमचे बाबा, क्रिकेटचे पक्के चाहते. ते म्हणाले, “दीड तास नुसती पळापळ आणि स्कोअर एक-शून्य! यात बघायचं काय?” तरी खुर्ची सोडून काही ते उठले नाहीत.

त्या दिवसांत शाळा मोबाइलवर भरत होती. मी शिकवायची तेव्हा समोर तीस चौकोन असायचे, पण प्रश्न विचारला की सगळे गप्प. माझा मुलगाही त्याच्या तासाला माइक बंद करून बसायचा. एकदा त्याला विचारलं, “येतंय ना तुला उत्तर? मग बोलत का नाहीस?” तो म्हणाला, “चुकलं तर सगळ्यांना ऐकू जातं ना आई.” ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं.

सामना सुरू झाला. रिकाम्या खुर्च्यांमुळे खेळाडूंच्या हाकासुद्धा टीव्हीवर ऐकू येत होत्या. १८ व्या मिनिटाला मुंबईचा मधल्या फळीतला खेळाडू अहमद जाहू आपल्याच गोलजवळ चेंडू घेऊन उभा होता. मोहन बागानच्या रॉय कृष्णाने झडप घालून त्याच्याकडून चेंडू हिसकावला, तो डेव्हिड विल्यम्सकडे गेला आणि विल्यम्सने जोरदार फटका मारून गोल केला. ०-१!

बाबा एकदम ओरडले, “अरे काढा त्याला बाहेर! फायनलमध्ये असं खेळतात का?” मुलाचा चेहरा उतरला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी मात्र जाहूला बाहेर काढलं नाही. आणि खास गोष्ट म्हणजे जाहू लपला नाही. चूक झाल्यावर पुष्कळ खेळाडू चेंडू मागायचंच टाळतात. हा पुन्हा पुन्हा चेंडू मागत होता.

२९ व्या मिनिटाला त्याच जाहूने लांबून एक उंच चेंडू मोहन बागानच्या गोलकडे टाकला. बिपिन सिंग त्यामागे धावला. त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचू नये म्हणून बचावपटू तिरीने डोक्याने तो दूर करायचा प्रयत्न केला, पण चेंडू त्याच्याच गोलरक्षकाला चकवून जाळ्यात गेला. स्वयंगोल! १-१!

आमच्या घरात एकच जल्लोष झाला. मेथीची जुडी खाली पडली. पण मुलगा मध्येच थांबला आणि म्हणाला, “त्याला किती वाईट वाटत असेल ना? आपल्याच गोलमध्ये!” बाबा म्हणाले, “अरे, पण तो अडवायला तरी गेला. जो जागचा हललाच नाही, त्याच्याकडून कसला स्वयंगोल होणार?” थोड्या वेळापूर्वी ‘काढा त्याला बाहेर’ म्हणणारे हेच ते बाबा!

मध्यंतराला थोडाच वेळ राहिला असताना घरातला आवाज एकदम बंद झाला. मुंबईचाच मुलगा असलेला तरुण बचावपटू अमेय रानवडे चेंडूसाठी झेपावताना समोरच्या खेळाडूवर आदळला आणि मैदानावर बेशुद्ध पडला. दोन्ही संघांचे खेळाडू हातवारे करून डॉक्टरांना बोलावू लागले. त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात नेलं. सासूबाईंनी हात जोडले. त्या म्हणाल्या, “जिंकू दे नाहीतर हरू दे, त्या पोराला काही होऊ देऊ नकोस देवा.” त्या घडीला १-१ हा आकडा कुणाच्या लक्षातही नव्हता. पुढे अमेय बरा झाला आणि पुन्हा मैदानावर उतरला, पण त्या रात्री हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या सत्रात गोल काही होईना. ७० मिनिटं झाली, ८० झाली. भाजी गॅसवर तशीच राहिली होती. ९० मिनिटांनंतरही बरोबरी असती तर आणखी ३० मिनिटं खेळ आणि तरीही नाही सुटलं तर पेनल्टी. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. पळापळ आता त्यांनाही कळू लागली होती!

घड्याळात ९० वं मिनिट. मुंबईकडून एक लांब चेंडू पुढे आला. मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य तो दूर करायला पुढे सरसावला, पण त्याला चेंडू नीट काढता आला नाही. बार्थोलोम्यू ओग्बेचेने तो पकडून बिपिन सिंगकडे दिला. बिपिनने शांतपणे तो जाळ्यात ढकलला. २-१! मुलगा पलंगावर उड्या मारत होता आणि बाबा त्याला ओरडायचं विसरून स्वतःच टाळ्या वाजवत होते. काही मिनिटांत शिट्टी वाजली. मुंबई सिटी पहिल्यांदाच विजेती झाली.

जेवताना बाबा सहज म्हणाले, “गोलकीपरनेच घालवली मॅच.” मग बक्षीस समारंभ बघताना कळलं की मोसमातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा ‘गोल्डन ग्लव्ह’ पुरस्कार त्याच अरिंदमला मिळालाय! मुलगा घास हातात धरून बघत राहिला. “म्हणजे बेस्ट असला तरी चुकतो?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “चुकतो. पण सगळ्या मोसमात त्याने जे अडवलं, तेही मोजायचं असतं ना?”

या सामन्यातून काय घ्यायचं?

मुलांनो, हा सामना नीट पाहिलात तर लक्षात येईल की तिन्ही गोलांच्या मागे कुणाची तरी चूक होती. जाहू, तिरी, अरिंदम. तिघेही कसलेले खेळाडू. पण जाहूकडे चूक सुधारायला ७२ मिनिटं होती, तिरीकडे ६१, आणि अरिंदमकडे जवळजवळ काहीच वेळ नव्हता. म्हणून तिघांची गोष्ट वेगवेगळी झाली. चूक कोण करतं यापेक्षा चुकीनंतर किती वेळ मिळतो आणि त्या वेळात आपण काय करतो, यावर पुष्कळ काही ठरतं.

वर्गात तुमच्याकडे वेळच वेळ असतो. उत्तर चुकलं तर त्याच तासाला दुसरा प्रश्न येतो, उद्या दुसरा तास येतो. मग हात वर करायला का घाबरायचं? गप्प बसणाऱ्याचं उत्तर चुकत नाही हे खरं, पण बरोबरही येत नाही.

आणि पालकांसाठी एक गोष्ट. जाहूला १८ व्या मिनिटाला बाहेर काढलं असतं तर २९ व्या मिनिटाचा तो चेंडू कुणी टाकला असता? मुलाचं एक गणित चुकलं की आपण लगेच ‘तुला जमणारच नाही’ म्हणतो. त्याला अजून थोडा वेळ मैदानात राहू द्या.

लक्षात ठेवा : खेळताना डोक्याला मार लागला तर

१. खेळ लगेच थांबवा आणि मोठ्या माणसांना हाक मारा.
२. पडलेल्या मुलाची मान हलवू नका, त्याला ओढून उठवू नका.
३. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका.
४. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.
५. शुद्धीवर आला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. उलटी, चक्कर किंवा डोकेदुखी होत असेल तर अजिबात वेळ घालवू नका.

नवे शब्द

स्वयंगोल – खेळाडूकडून आपल्याच जाळ्यात गेलेला गोल. तो समोरच्या संघाच्या खात्यात धरतात.
बचावपटू – आपल्या गोलचं रक्षण करणारा मैदानी खेळाडू. गोलरक्षकासारखा तो हात वापरू शकत नाही.
भरपाईचा वेळ – दुखापत, बदली खेळाडू यांत वाया गेलेली मिनिटं सत्राच्या शेवटी वाढवून देतात.
जादा वेळ – बाद सामन्यात ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर खेळायची १५-१५ मिनिटांची दोन सत्रं.

सराव

१. जाहूची चूक आणि तिरीचा स्वयंगोल यांत किती मिनिटांचं अंतर होतं?
२. बाबांचं फुटबॉलबद्दलचं मत कसं कसं बदलत गेलं? निबंधातली वाक्यं शोधून लिहा.
३. तुम्ही अरिंदमच्या संघात आहात असं समजा. सामना संपल्यावर त्याला काय म्हणाल? चार-पाच वाक्यं लिहा.
४. हेच दोन क्लब ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात पुन्हा अंतिम सामन्यात भेटले. मोहन बागानने पहिला गोल करूनही मुंबई ३-१ अशी जिंकली आणि बिपिन सिंगने पुन्हा गोल केला. या माहितीवरून सामन्याची बातमी आठ ओळींत लिहा.
५. तुम्ही घरच्यांसोबत पाहिलेल्या एखाद्या सामन्यावर निबंध लिहा. गोल किंवा धावा सांगाच, पण त्या वेळी घरात कोण काय म्हणालं तेही लिहा. आणि हो, लिहिताना खाडाखोड झाली तरी पान फाडू नका!