वही सपाट उघडली पाहिजे

अगं, तुम्ही बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मैत्रिणींनी हाताने केलेल्या वह्यांची आणि कोलाजची अदलाबदल ठरवलीत, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते. तुझ्या आजोबांचं सगळं आयुष्य पुण्यात अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगच्या कामात गेलं. वही तयार झाली की ते ती मधोमध उघडून टेबलावर ठेवायचे आणि हात काढून घ्यायचे. उघडी राहिली तर वही झाली. मिटली तर वरची सजावट कितीही सुंदर असो, त्यांच्या लेखी काम अपुरंच. तुझी वही परक्या हातात जाणार आहे. तिथे ती कपाटात शोभेला बसली तर काय उपयोग? तिच्यात कुणी तरी लिहिलं पाहिजे.

त्यासाठी आधी कागदाची दिशा बघायला शीक. गिरणीतल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. त्याला बाइंडर ग्रेन म्हणतात, आणि वहीची घडी ग्रेनच्या दिशेनेच पडायला हवी. कागद न मोडता आधी उभा वाकव, मग आडवा. जिकडून सहज वाकेल तिकडे घडीची जी रेघ पडेल, तीच ग्रेन. शंका असेल तर एक छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला कर. त्याची सुरळी होईल, आणि सुरळीची लांबी ग्रेनच्या दिशेने असेल. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात ग्रेन बहुधा लांब बाजूने असते. तो मधोमध दुमडून वही केली की घडी ग्रेनला आडवी जाते आणि वही फुगून मिटत राहते. म्हणून ए-थ्री कागद आण. तोही तपासून घे; ग्रेन लांब बाजूने असली तर कागद मधोमध कापून दोन ए-फोर कर. आता ग्रेन आखूड बाजूने आली. दुमड आणि बघ किती शहाण्यासारखी वागते ती वही.

हातकागदाला ही अडचण फारशी नसते. लगदा साच्यावर हाताने उचलतात, त्यामुळे तंतू सगळीकडे सारखे पसरतात. पुण्याला आलीस की शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळच्या हातकागद संस्थेत जाऊन ये. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशींनी १९४० साली ती उभी केली. मात्र हातकागद घेताना पेन बरोबर ठेव आणि कोपऱ्यावर एक रेघ ओढून बघ. काही कागदांवर शाई फुटते. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा जुना कागद खळ लावून घोटलेला असायचा, म्हणून त्यावर बोरूची रेघ स्वच्छ उमटायची. तूही पातळ खळीचा हात दे, पूर्ण वाळू दे आणि गुळगुळीत दगडाने एकाच दिशेने घोट. वेळ लागतो, पण शाईचं पेन वापरणारी बाई तुला दुवा देईल.

सामान ऑनलाइन मागवू नकोस. कागद बोटांना कळला पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून तुमच्याकडे पिवळी मेट्रो आली आहे. कोनप्पना अग्रहाराला तिच्यात बस, आर. व्ही. रोडला हिरवी मेट्रो पकड आणि चिक्कपेटेला उतर. ॲव्हेन्यू रोडवर पुस्तकं, वह्या, लग्नपत्रिका, पुठ्ठे, सगळं मिळतं. पुठ्ठा घेताना कोपरा अंगठ्याने दाबून बघ. पदर सुटत असतील तर ठेवून दे.

आता शिलाई. चार कागद एकात एक घालून दुमडलेस की सोळा पानांचा फर्मा होतो. पहिल्या वहीला एवढं पुरे. घडीवर दाभणाने तीन भोकं पाड: एक मधोमध, दोन कडांपासून बोटभर आत. दोरा सुती, जाड, गोधडीचा घे, वहीच्या उंचीच्या तिप्पट, आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढ, म्हणजे गुंता होत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढ, वरच्या भोकातून आत घे, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर काढ आणि पुन्हा मधल्यातून आत ये. आता दोन्ही टोकं आत आली. लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक टोक ठेवून त्यावरून गाठ मार. दोरा ओढायचा तो घडीच्या रेषेत. आडवा ओढलास तर भोक फाटतं. जास्त फर्मे असतील तर साखळीच्या टाक्याने जोड आणि कण्याला गोंद लावू नकोस. इजिप्तमधले कॉप्ट ख्रिस्ती लोक दीड हजार वर्षांपूर्वी अशाच वह्या शिवायचे, आणि त्या पूर्ण सपाट उघडतात.

चिकटवायला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालव, कपभर उकळत्या पाण्यात ओत आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळत राहा. मग फडक्यातून गाळून घे. आजोबा कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे, तुझ्याकडे लहान मूल आहे, तू लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घाल. फ्रीजमध्ये ठेवलीस तरी तीन-चार दिवसांत संपव. पुठ्ठ्यावर कापड चढवताना खळीत थोडं फेविकॉल मिसळ. आणि पुठ्ठ्याला बाहेरून कागद लावलास तर आतूनही लाव, नाहीतर ओढ एकाच बाजूने बसून तो वाकडा होतो.

कोलाजसाठी घरातलीच रद्दी बघ. जुनं कालनिर्णय, दिवाळी अंकांची पानं, शेजाऱ्यांच्या कन्नड लग्नपत्रिका. पत्रिकेवरचा गणपती कापू नकोस, आणि कानडी मजकूर चिकटवण्याआधी शेजारणीकडून वाचून घे. वर्तमानपत्र लवकर पिवळं पडतं, बसच्या यंत्रातून येणाऱ्या तिकिटावरची अक्षरं उडतात. दोन्हींची झेरॉक्स काढून वापर. इंकजेटचा प्रिंट खळीने फुटतो, लेझरचा टिकतो. तुकड्याला मधून कडांकडे खळ लाव, मिनिटभर थांब, कागद सैलावला की ठेव. वर कोरा कागद घालून फडक्याने दाब आणि रात्रभर वजनाखाली ठेव. मेरी डिलेनी नावाच्या इंग्रज बाईंनी वयाच्या ७२व्या वर्षी रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली आणि सुमारे हजार केली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर एकेक फूल, बाकी जागा रिकामी. तूही कोलाज पानाच्या एका कोपऱ्यात ठेव, लिहायला जागा सोड.

चिकटवलेल्या पानांनी वही फुगते. म्हणून शिवून झाल्यावर अधूनमधून एखादं पान कण्याजवळ अंगठ्याएवढी पट्टी ठेवून कापून टाक. जाडीला जागा मिळते आणि वही नीट मिटते.

अशा अदलाबदलीत हाताने केलेली छोटी कार्डं देण्याचा प्रघातही मला फार आवडतो. १९९७ साली झुरिकमध्ये स्टिर्नेमान नावाच्या कलाकाराने तो सुरू केला: कार्डं ६४ बाय ८९ मिलिमीटरची, विकायची नाहीत, फक्त बदलायची. माप मोडू नकोस, ती ठरलेल्या खिशांच्या फाइलमध्ये ठेवतात.

परदेशी पाठवायचं असेल तर सुकी पानं, फुलं, बिया लावू नकोस, कस्टम्सवाले अडवतात. वही आधी प्लॅस्टिकमध्ये, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि खळ पूर्ण वाळल्याशिवाय प्लॅस्टिकमध्ये घालायची नाही, पावसाळ्यात तर चार दिवस जास्तच थांब.