वनस्पतींतील रसायनांचा शोध : असीमा चटर्जी

सागरगोटे तुम्ही पाहिले असतीलच. मुली ज्यांचा खेळ मांडतात, ते करड्या रंगाचे गुळगुळीत गोटे म्हणजे एका काटेरी वेलीच्या बिया होत. या बिया, सातविणीची साल, कुटकी आणि काडेचिराईत ही आपल्याकडची तापावरची जुनी औषधे. पण त्यांत गुण आहे, तो नेमका कशामुळे? ‘आजीला ठाऊक होते’ एवढ्या उत्तराने रसायनशास्त्रज्ञाचे समाधान होत नाही. कोलकात्याच्या असीमा चटर्जी यांनी आपले आयुष्य याच प्रश्नासाठी वेचले.

असीमा मुखर्जी यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कोलकात्यात झाला. वडील इंद्रनारायण डॉक्टर होते आणि त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी होती. स्कॉटिश चर्च महाविद्यालयातून १९३६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९४० मध्ये लेडी ब्रेबोर्न महाविद्यालयात त्यांनी रसायनशास्त्र विभाग सुरू केला. १९४४ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाने डी. एस्सी. ही पदवी दिली. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. (आपल्या कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, पण ती केंब्रिजची.)

आता त्यांचे काम समजून घेऊ या. अनेक वनस्पतींत नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी आणि बहुधा कडू अशी संयुगे असतात. त्यांना अल्कलॉइड म्हणतात. ती वेगळी करण्यासाठी साल किंवा मूळ वाळवून कुटतात, अल्कोहोलात भिजत ठेवतात आणि तो अर्क आटवितात. मग त्यात सौम्य आम्ल घालतात. अल्कलॉइड आम्लात विरघळतात. राळ आणि मेदयुक्त पदार्थ मागे राहतात. पुढे अल्क मिसळले, की अल्कलॉइड पुन्हा सुटे होतात. किलोभर सालीतून कधी कधी चिमूटभरच स्फटिक हाती येतात. त्या चिमटीवरून रेणूतील अणूंची मांडणी ओळखायची, हे खरे कसब! आज यंत्रे मदतीला आहेत. त्या काळी रेणू तोडून, त्याचे तुकडे ओळखून मूळ रचनेचा तर्क करावा लागे. रसायने तुटपुंजी असत आणि काही नमुने तपासणीसाठी परदेशी पाठवावे लागत.

सर्पगंधेच्या कुळातील वनस्पतींच्या अल्कलॉइडांवर असीमाबाईंनी दीर्घकाळ संशोधन केले. हे कुळ तेव्हा जगाच्या नजरेत होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. सदाफुलीच्या वर्गातील अल्कलॉइडांवरही असीमाबाईंनी काम केले. म्हणून कर्करोगावरील औषधाचे श्रेय त्यांना कोठे कोठे दिले जाते. ते बरोबर नाही. सदाफुलीतील विनब्लास्टिन कॅनडात नोबल आणि बिअर यांनी वेगळे केले. असीमाबाईंचे स्वतःचे काम पुरेसे मोठे आहे. त्याला उसन्या श्रेयाची गरज नाही.

सुनिषण्णक ही पाणथळ जागी उगवणारी चार पानांची वनस्पती. बंगालमध्ये तिची भाजी करतात. ही वनस्पती आणि जटामांसी यांपासून ‘आयुष-५६’ हे अपस्माराचे औषध तयार झाले, त्यामागे असीमाबाईंचे संशोधन होते. आरंभी सांगितलेल्या चार वनस्पतींवरही त्यांनी मलेरियाच्या संदर्भात काम केले.

१९५४ पासून त्या राजाबाजार येथील विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात होत्या. १९६१ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. रसायनशास्त्रात तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. १९६७ मध्ये मात्र काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि पती दोघेही गेले. त्या स्वतः आजारी पडल्या. पण बऱ्या होताच प्रयोगशाळेत परतल्या. १९७५ मध्ये त्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. त्यांचे सुमारे चारशे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले.

पाठगत प्रश्न
१. अर्कात आम्ल घातल्याने काय साधते?
२. असीमाबाईंना ‘उसन्या श्रेयाची गरज नाही’, असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या घरी वापरात असलेल्या एका औषधी वनस्पतीविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या आणि पाच-सहा ओळी लिहा.