रुळांमधली फट कुठे गेली? थंडीत रेल्वे चालू ठेवण्याचा पाठ

आपल्या बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ सोडलं तर रेल्वे ही बरीच वर्षं फक्त मागणीपत्रात आणि निवडणुकीच्या भाषणात होती. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावर सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहराला पहिली प्रवासी गाडी मिळाली. त्यामुळे 'उष्णतेने होणारे प्रसरण' शिकवताना रुळांचं उदाहरण आता फळ्यावर काढायची गरज नाही. ते आपल्या गावाजवळ आहे.

अडचण एकच आहे. पुस्तकातलं उदाहरण आणि मुलांना दिसणारे रूळ जुळत नाहीत. पुस्तक म्हणतं, 'रुळांमध्ये फट ठेवलेली असते.' मुलं गाडीत बसून येतात आणि विचारतात, "सर, फट कुठे आहे?" हा प्रश्न टाळू नका. त्याच्या उत्तरात थंडीतल्या रेल्वेचा सगळा पाठ आहे.

आधी पुस्तकातली फट

भारतातल्या ब्रॉडगेजचा एक रूळ पूर्वीपासून १३ मीटर लांबीचा धरतात. पोलाद एक अंश तापलं की दर मीटरमागे साधारण ०.००००११५ मीटर वाढतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे रूळ ८-१० अंशांवर येतो. मे महिन्यात दुपारी उन्हात पडलेला रूळ हवेपेक्षाही बराच जास्त तापतो, ६० अंशांच्या आसपास जातो. हिशेबासाठी ४० अंशांचा फरक घेऊ.

१३ × ०.००००११५ × ४० = ०.००५९८ मीटर, म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर.

एका रुळाला सहा मिलिमीटर, करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. आता एका किलोमीटरचा हिशेब मुलांकडून करून घ्या. उत्तर येतं ४६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड फूट! जुन्या मार्गावर ही वाढ दर १३ मीटरला असलेल्या फटीत सामावली जायची. त्या फटीवरून चाक गेलं की 'खटक खटक' आवाज यायचा. आजी-आजोबांना विचारा, तो आवाज त्यांच्या कानात अजून असेल.

मग नव्या रुळाची फट कुठे गेली?

ती वितळवून जोडली गेली. प्रत्येक फटीवर चाक आदळतं, रुळाचं टोक झिजतं, बोल्ट ढिले होतात, डबा हादरतो. म्हणून आता रूळ वेल्डिंगने एकमेकांना जोडतात आणि सलग लांबच लांब रूळ तयार होतो. स्टेशनात सांध्यांजवळ, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, काही जोड दिसतील. पण मधल्या सरळ मार्गावर कित्येक किलोमीटर फट नसते.

आता हुशार मूल विचारणारच, "मग ते ४६ सेंटिमीटर जातात कुठे?"

ते कुठेच जात नाहीत, कारण रुळाला हलूच दिलं जात नाही. खाली जड काँक्रीटचे स्लीपर, त्यांवर रूळ दाबून धरणाऱ्या क्लिपा आणि आजूबाजूला भरलेली खडी, या तिघांनी रूळ जखडलेला असतो. फक्त दोन्ही टोकांकडचे सुमारे शंभर-शंभर मीटर थोडे पुढेमागे होतात. त्यासाठी टोकाला सरकणारा खास जोड बसवलेला असतो. मधला रूळ जागचा हलत नाही. लांबी बदलली नाही तरी तापमानाचा परिणाम नाहीसा होत नाही. तो रुळाच्या अंगात जोर होऊन साठतो.

उन्हाळ्यात दाब, हिवाळ्यात ताण

रूळ जखडताना अधलंमधलं तापमान निवडतात. समजा ते ३८ अंश आहे. त्या तापमानाला रूळ निवांत असतो. त्याहून तापला की त्याला लांब व्हायचं असतं, पण होता येत नाही, म्हणून तो दाबला जातो. दाब फार वाढला तर रूळ बाजूला वाकू शकतो. गार झाला की त्याला आखूड व्हायचं असतं, तेही होता येत नाही, म्हणून तो ताणला जातो.

किती ताणला जातो? नव्या मार्गांवर वापरतात तो रूळ मीटरमागे साधारण ६० किलोचा असतो. त्या रुळात प्रत्येक अंशाच्या फरकामागे जवळपास १.९ टन जोर येतो. ३८ अंशांना जखडलेला रूळ पहाटे ८ अंशांवर आला, तर फरक ३० अंशांचा. म्हणजे एका रुळात सुमारे ५७ टनांचा ताण! एका मोठ्या विजेच्या इंजिनाचं वजन साधारण १२० टन असतं. त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाइतका जोर रुळाला दोन्हीकडून ओढत असतो. रूळ मात्र शांत पडलेला दिसतो.

चांगला रूळ हा ताण सहज सहन करतो. प्रश्न येतो तो रुळात किंवा वेल्डिंगमध्ये आधीच बारीक दोष असेल तेव्हा. कापडाला कात्रीने छोटा काप दिला की पुढे हाताने टर्रकन फाटतं, तसंच हे. थंडीने ताण वाढतो, वरून चाकाचा दणका बसतो आणि दोष उघडतो. म्हणून 'रुळाला तडा, लोकलसेवा विस्कळीत' अशा बातम्या थंडीच्या दिवसांत, त्यातही सकाळी, जास्त वाचायला मिळतात. आपली थंडी काश्मीरसारखी नाही, तरीही हे घडतं. तडा जाण्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, दिवसा-रात्रीच्या तापमानात पुरेसा फरक लागतो.

पहाटे कोण चालतं?

दोष शोधायला यंत्रं आहेत. ध्वनिलहरी रुळात सोडून आतली खोट शोधतात. जिथे सिग्नलसाठी रुळातून हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो, तिथे रूळ पूर्ण तुटला की प्रवाह खंडित होतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. पण ही सोय सगळीकडे नसते आणि अर्धवट तडा तिला कळत नाही.

म्हणून माणूस लागतो. कीमन रोज आपल्या ठरलेल्या टप्प्यात रुळाच्या कडेने चालत जातो. हातोडा, पाना, झेंडा जवळ असतो. सुटलेली क्लिप बसवायची, जोड बघायचे, वेल्डिंगवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. थंडीच्या महिन्यांत ठरवून दिलेल्या भागांत याशिवाय रात्री आणि पहाटे खास गस्त असते.

तडा दिसला तर हा माणूस सगळ्यात आधी काय करतो? मुलं म्हणतील, दुरुस्ती. नाही! आधी गाडी थांबवायची. तो लाल झेंडा किंवा लाल दिवा दाखवतो आणि रुळावर आवाजाचे फटाके लावतो. ब्रॉडगेजवर धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाकाखाली ते फुटले की चालकाला धुक्यातही इशारा कळतो. मग तडा गेलेल्या जागी दोन्ही बाजूंनी पट्ट्या घट्ट आवळतात, गाडी अगदी हळू सोडतात आणि नंतर तेवढा तुकडा बदलतात.

आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक मुलांचे आईवडील याच महिन्यांत ऊसतोडीला गेलेले असतात. पहाटेच्या गारठ्यात हातात कोयता धरणं म्हणजे काय, हे त्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पहाटे रुळाकडेने चालणाऱ्या माणसाचं कामही ती लगेच ओळखतील. या पाठात त्यांना बोलू द्या.

इंजिनाचं काय?

थंडीत ट्रॅक्टर पटकन सुरू होत नाही, हे मुलांनी पाहिलेलं असतं. कारण तेच डिझेल इंजिनालाही लागू आहे. गारठ्यात बॅटरी मंदावते, ऑईल घट्ट होतं आणि सिलिंडरमधली हवा दाबूनही पुरेशी तापत नाही. विजेच्या इंजिनाला ही अडचण येत नाही.

ब्रेकचा मुद्दाही सांगा. रेल्वेचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. हवेत बाष्प असतं. ते नळीत साचून गोठलं तर ब्रेक दगा देतील, म्हणून हवा आधी कोरडी करतात. आपल्याकडे गोठण्याची वेळ येत नाही, पण ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या कटरा–श्रीनगर वंदे भारतमध्ये पाण्याच्या टाक्या आणि नळ्या गोठू नयेत म्हणून तापक बसवलेले आहेत, चालकासमोरच्या काचेतही उष्णता देण्याची सोय आहे. देश एकच, पण थंडीची दुखणी वेगवेगळी!

वर्गात काय करता येईल?

१. दोन खुर्च्यांमध्ये तांब्याची तार ताणून बांधा, मधोमध छोटं वजन लटकवा. मेणबत्तीने तार तापवली की वजन खाली येतं. आपण बहुतेक इथेच थांबतो. थांबू नका! तार गार होताना वजन वर येतं तेही दाखवा. हिवाळ्यातला रूळ म्हणजे हा दुसरा भाग. (मेणबत्ती शिक्षकांनीच हाताळावी.)

२. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, एकीला कडेला छोटा काप द्या. दोन्ही ओढा. कोणती आधी फाटते आणि कुठून?

३. गणित: १ किलोमीटरमध्ये १३ मीटरचे किती रूळ? प्रत्येकाची वाढ ६ मिलिमीटर धरून बेरीज करा. ४६ सेंटिमीटर येतात का?

एक गोष्ट पालकांसाठी

हा पाठ झाला की मुलांना रूळ जवळून बघावासा वाटेल. त्यांना रुळावर नेऊ नका. परवानगीशिवाय रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. शिवाय वेल्डिंगच्या रुळावर 'खटक खटक' होत नाही, त्यामुळे येणारी गाडी पूर्वीइतकी लवकर ऐकू येत नाही. आपल्या भागातल्या मुलांना रेल्वेची सवय नाही, त्यामुळे हे आवर्जून सांगायला हवं. स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन फलाटावरून दाखवा. फाटकातून जाताना कधी तुटलेला रूळ दिसलाच, तर हात लावायचा नाही, गेटमनला सांगायचं किंवा १३९ वर फोन करायचा.

परीक्षेत 'रुळांमध्ये फट का ठेवतात?' हा प्रश्न येईल आणि मुलं पुस्तकातलं उत्तर लिहितील, ते बरोबरच आहे. आपण त्याखाली तोंडी आणखी एक प्रश्न विचारू या: 'फट नसेल, तर काळजी कोण घेतं?'