सायकल दुरुस्तीचा स्टँड घरीच बनवा: मापं, जोडणी आणि हिशोब

व्हिडिओत जोडणी बघितलीत, आता वही घ्या आणि मापं उतरवून घ्या.

सायकल उलटी करायची आणि उकिडवं बसून काम करायचं, ही आपली जुनी पद्धत. पंक्चरपुरतं ते चालतं. पण गिअर सेट करताना, रिमचा आउट काढताना चाक मोकळं फिरायला पाहिजे आणि दोन्ही हात रिकामे पाहिजेत. शिवाय दिवसभर वाकून कंबर धरली की दुकानच बंद. हातावर पोट असणाऱ्याचं सगळ्यात महाग अवजार म्हणजे त्याची पाठ.

सामान

- कारचा टाकाऊ टायर (१२ इंची रिमचा)
- सव्वा इंची जीआय पाइप: एक ५ फूट, एक १ फूट. दुकानदाराकडूनच आटे पाडून घ्या
- त्याच मापाचा एक एल्बो, एक फ्लँज
- कठीण लाकडाचे दोन ठोकळे, ६ × ३ × दीड इंच
- मजबूत बिजागरी, ८ मिमीचा लांब बोल्ट, विंग नट, जुनी ट्यूब
- ९-१० किलो सिमेंट, वाळू, खडी

उचगावातून शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसी जवळच. पाइप नवा घेण्याआधी भंगारवाल्याकडे विचारा. फक्त गंजलेला, चेमटलेला तुकडा घेऊ नका.

जोडणी

१. पाइपच्या खालच्या टोकाला आरपार भोक पाडून सळीचा तुकडा घाला. म्हणजे काँक्रीटमध्ये पाइप फिरणार नाही.

२. टायर प्लास्टिकच्या कागदावर आडवा ठेवा. पाइप मधोमध नको, मागच्या कडेकडे सरकवून उभा करा. हे महत्त्वाचं! सायकल पुढे लटकते, तिचा भार टायरच्या घेराच्या आत आला पाहिजे.

३. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी असा माल कालवून टायर आतून गच्च भरा. ओळंबा लावा, पाइपला टेकू द्या. सात दिवस पाणी मारा. साधारण एक घनफूट माल बसतो, म्हणजे साठ-पासष्ट किलोचा पाया.

४. वर एल्बो, एल्बोला आडवा पाइप, त्याच्या टोकाला फ्लँज. फ्लँजवर पहिला ठोकळा बोल्टने पक्का करा.

५. दोन्ही ठोकळे एकत्र दाबून सांध्यावर ३२ मिमीचं उभं भोक पाडा. अर्धी खाच याच्यात, अर्धी त्याच्यात. आत ट्यूबचं रबर चिकटवा. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला बोल्ट आणि विंग नट.

६. एल्बोचे आटे भाराने सैल होतात. म्हणून सायकल एकदा लावून सरळ करा, जोडावर खूण करा, सायकल उतरवा आणि दोन्ही जोडांना आरपार बोल्ट मारा.

गिऱ्हाइकाची सायकल लावण्याआधी २५ किलोचं पोतं रात्रभर टांगून बघा. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते.

तीन नियम

पकड नेहमी सीटच्या दांड्यावर, फ्रेमच्या पातळ नळीवर नाही. कार्बन फ्रेम तर अजिबात दाबायची नाही. आणि कॉटर पिन ठोकायची असेल तर सायकल खाली घ्या. स्टँडवर हातोडा चालवायचा नाही.

आता हिशोब

समजा सगळं मिळून १,५०० रुपये लागले. एका सर्व्हिसिंगमागे १० मिनिटं वाचली आणि दिवसाला चार सायकली आल्या, तर ४० मिनिटं मोकळी झाली. तेवढ्यात १५० रुपयांचं एक जादा काम बसलं, तर दहा दिवसांत खर्च वसूल. पण दारात जादा काम नसेल, तर वाचलेल्या वेळेचे पैसे होत नाहीत. तेव्हा फायदा फक्त कंबरेचा, आणि तोही कमी नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुकान लहान असण्यात कमीपणा नाही. त्यात वेळेचा हिशोब पाहिजे.

या आठवड्याचा गृहपाठ: सात दिवस प्रत्येक कामाला लागलेली मिनिटं वहीत लिहा. समोर घेतलेली मजुरी लिहा. मग वरच्या हिशोबात माझे आकडे खोडून तुमचे घाला. स्टँड आत्ताच बनवायचा की पुढच्या महिन्यात, ते तुमची वहीच सांगेल.