चिंचोक्यांचा खेळ आणि जमिनीखालचं पाणी



'लोभ करू नये' हे मुलं पहिलीपासून ऐकतात, फळ्यावर सुविचार म्हणून लिहितात आणि मधल्या सुट्टीत विसरतात. पुढे नागरिकशास्त्रात 'सरकार कशासाठी?' असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. या दोन गोष्टी जोडण्यासाठी मी आठवीच्या वर्गात एक खेळ घेतो.

चार मुलं गोल बसवा. मध्ये ४० चिंचोके ठेवा. प्रत्येक फेरीत ज्याने त्याने हवे तेवढे घ्यायचे. फेरी संपली की उरलेले चिंचोके तुम्ही दुप्पट करायचे, पण ४० च्या वर नाही. दहा फेऱ्या.

पहिल्या वेळी काय होतं? पहिल्याच फेरीत झटापट होते आणि खेळ संपतो! मी एकदा एका मुलाला विचारलं, "एवढी घाई का रे?" तो म्हणाला, "सर, मी थांबलो असतो तर सगळे यानेच घेतले असते."

हे उत्तर फळ्यावर लिहा. मुलगा वाईट नव्हता. नियम नसला की थांबणारा मूर्ख ठरतो, म्हणून शहाणाही ओरबाडू लागतो.

आता नियम करा: एका फेरीत प्रत्येकी जास्तीत जास्त ५. चौघांचे २० जातात, २० उरतात, त्यांचे पुन्हा ४० होतात. दहा फेऱ्यांत प्रत्येकाला ५० मिळतात. नियमाने कोणाचं नुकसान झालं का, हे मुलांनाच मोजू द्या.

मग खेळातून गावात या. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांत पाणी साठतं ते पावसाचं, आणि त्या भेगा शेताचा बांध ओळखत नाहीत. शेजाऱ्याने २०० फूट बोअर घेतली की आपण ३०० फूट घेतो. चिंचोक्यांचीच झटापट! म्हणून महाराष्ट्राने १९९३ साली कायदा केला: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. पुढे २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. तरीही बोअरच्या गाड्या गावोगाव फिरताना आपण बघतोच. का?

याचं उत्तर खेळाच्या तिसऱ्या डावात आहे. एक निरीक्षक नेमा, त्यालाही चिंचोके घेण्याची मुभा द्या, आणि बाकीच्यांना डोळे मिटायला सांगा. बहुतेक वेळा कुंपणच शेत खातं. सरकारही माणसांचंच असतं, लोभ तिथेही पोचतो. चौथ्या डावात डोळे उघडे ठेवा आणि प्रत्येक फेरीचा हिशोब फळ्यावर मांडा. निरीक्षक तोच असतो, पण आता सरळ वागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. गावाने पाणी अडवलं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. सरकारच्या योजना तिथेही होत्या, पण हिशोब सगळ्यांसमोर होता.

तेव्हा मुलांना एवढंच पोचवा: लोभ उपदेशाने जात नाही, त्याला सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम लागतो. आणि नियम पाळला जातोय ना, हे बघणारे उघडे डोळे लागतात. ते डोळे म्हणजे उद्याचे हे नागरिक.

गृहपाठ: आपल्या वस्तीत किती बोअर आहेत, किती फुटांवर पाणी लागलं आणि वीस वर्षांपूर्वी किती फुटांवर लागायचं, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. पालकहो, या वेळी उत्तर तुम्ही सांगू नका. मुलांबरोबर तुम्हीही ऐका.