इंटरेस्ट : व्याज, रस आणि हित

“एफडीवर सध्या इंटरेस्ट किती मिळतो?”
“त्याला अभ्यासात इंटरेस्टच नाही.”
“एवढी धावपळ करतोय म्हणजे यात त्याचा काहीतरी इंटरेस्ट असणार.”

ही तीन वाक्ये आपण घरात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत नेहमी ऐकतो. शब्द एकच आहे. पहिल्या वाक्यात त्याचा अर्थ व्याज, दुसऱ्यात रस आणि तिसऱ्यात स्वार्थ किंवा हितसंबंध. आज आपण या एका शब्दाचा अभ्यास करणार आहोत. इंग्रजी सुधारावे हा त्याचा एक उपयोग आहेच, पण सेवा करणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द आणखीही काही शिकवतो.

एका चुकीपासून सुरुवात

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. कॉलेज सांभाळून इंग्रजी प्रवचनांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करतो. एका प्रवचनात ‘डिसइंटरेस्टेड सर्व्हिस’ असा शब्दप्रयोग आला. मी घाईत लिहिले, ‘रस न घेता केलेली सेवा’ आणि मजकूर पाठवून दिला. संध्याकाळी अनुवाद तपासणाऱ्या ताईंचा फोन आला.

“अरे, रस न घेता केलेली सेवा म्हणजे वेठबिगारी झाली की! वक्त्यांना असं म्हणायचं असेल का?”

“नसेल ताई. पण इंटरेस्ट म्हणजे रसच ना?”

“तू तर कॉमर्सचा ना रे? तुमच्याकडे इंटरेस्टचा एवढा एकच अर्थ आहे का?”

त्या रात्री मी शब्दकोश आणि माझी पाठ्यपुस्तके दोन्ही उघडून बसलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

शब्दाचे मूळ

‘इंटरेस्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला आहे. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. दोन्ही मिळून ‘मध्ये असणे’. त्यावरून पुढे ‘फरक पडणे’, ‘महत्त्वाचे वाटणे’ असा अर्थ आला.

मध्ययुगीन युरोपात कर्जावर मुद्दलापेक्षा जास्त रक्कम घेणे ख्रिस्ती धर्मसंस्थेला मान्य नव्हते. पण कर्जदाराने ठरल्या वेळी पैसे परत केले नाहीत आणि त्यामुळे देणाऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई मागता येत असे. पैसे वेळेवर मिळाले असते तर त्याची जी स्थिती असती आणि आता जी आहे, या दोहोंमधला फरक म्हणजे ही भरपाई. तिलाच ‘इंटरेस्से’ म्हणत. तिथूनच इंटरेस्टला व्याजाचा अर्थ मिळाला.

म्हणजे तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : आपल्याला कशाने फरक पडतो?

पहिला अर्थ : व्याज

हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. १०,००० रुपये ८ टक्के सरळव्याजाने २ वर्षे ठेवले तर व्याज १,६०० रुपये होते. तेच चक्रवाढ व्याजाने, दरवर्षी व्याज मुद्दलात मिळवून ठेवले, तर १,६६४ रुपये होते. वरचे ६४ रुपये हे व्याजावरचे व्याज.

आपल्यापैकी जे मराठी वाचक हिंदी किंवा गुजराती भाषक प्रदेशांत राहतात, त्यांच्या कानावर ‘ब्याज’, ‘सूद’ आणि गुजरातीतले ‘व्याज’ हे शब्द येतच असतील. ‘मूल से सूद प्यारा’ ही हिंदी म्हण नातवंडांसाठी वापरतात. मराठीत आपण त्यांना दुधावरची साय म्हणतो.

दुसरा अर्थ : रस, आवड

इथे एक चूक फार वेळा होते. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन म्युझिक’ असे अनेक जण म्हणतात. बरोबर वाक्य आहे, ‘आय ॲम इंटरेस्टेड इन म्युझिक’. ज्याला रस वाटतो तो ‘इंटरेस्टेड’ आणि ज्या गोष्टीमुळे रस वाटतो ती ‘इंटरेस्टिंग’. पुस्तक इंटरेस्टिंग असते, वाचक इंटरेस्टेड असतो.

मराठीत या अर्थाचे एकापेक्षा अधिक शब्द आहेत. प्रसंग पाहून शब्द निवडावा.

• संगीताची *आवड*
• अभ्यासात *गोडी* लागणे
• चर्चेत *रस* घेणे
• नोकरीच्या अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात *स्वारस्य*

तिसरा अर्थ : हित, हितसंबंध

वाणिज्य शाखेत हा अर्थ पावलोपावली भेटतो. त्याची तीन उदाहरणे पाहू.

विम्यात ‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ हे तत्त्व आहे. एखाद्या वस्तूचे नुकसान झाले तर आपल्यालाही आर्थिक झळ पोहोचत असेल, तरच आपण तिचा विमा उतरवू शकतो. आपल्या दुकानाचा विमा आपण घेऊ शकतो. ज्या दुकानाशी आपला काही संबंध नाही, त्याचा घेता येत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १८४ प्रमाणे, कंपनीच्या एखाद्या करारात संचालकाचा हितसंबंध असेल तर त्याने तो संचालक मंडळापुढे उघड करायचा असतो. ज्या बैठकीत त्या कराराची चर्चा होते, तिथे साधारणपणे त्याला भाग घेता येत नाही. त्याच्या प्रामाणिकपणावर शंका आहे म्हणून हा नियम केलेला नाही. स्वतःचे हित आड आले की चांगल्या माणसाचीही नजर गढूळ होऊ शकते, हे कायद्याने ओळखले आहे.

तिसरे उदाहरण ‘पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’चे, म्हणजे जनहित याचिकेचे. पूर्वी सर्वसाधारण नियम असा होता की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायालयात जावे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना पडून असलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘हुसैनारा खातून’ या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. कपिला हिंगोरानी या वकिलांनी त्यांच्यासाठी याचिका केली होती. ते कैदी त्यांचे नातेवाईक नव्हते की पैसे देणारे अशील नव्हते. तरीही त्यांनी मनापासून प्रयत्न केला आणि अनेक कैद्यांची सुटका झाली.

आता ‘डिस’ आणि ‘अन’

हे उदाहरण लक्षात ठेवले की पुढचा फरक सहज कळतो.

*अनइंटरेस्टेड* म्हणजे ज्याला रस नाही. कंटाळलेला, बेफिकीर.

*डिसइंटरेस्टेड* म्हणजे ज्यात स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही. निःस्वार्थ, निःपक्षपाती.

न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा. तो अनइंटरेस्टेड असेल तर साक्षीपुरावा चालू असताना त्याला डुलकी लागेल! क्रिकेटच्या पंचाचेही तसेच आहे. कोण जिंकते याच्याशी त्याला कर्तव्य नसावे, पण प्रत्येक चेंडूवर त्याचे पूर्ण लक्ष असावे. इंग्रजी बोलणारे लोकही या दोन शब्दांत गल्लत करतात, त्यामुळे अनुवाद करताना संदर्भ पाहावाच लागतो.

आपल्या परंपरेत हाच विचार अनासक्ती या शब्दात आहे. गांधीजींनी गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाला ‘अनासक्तियोग’ असे नाव दिले. अनासक्त माणूस काम टाकून बसत नाही, उलट ते अधिक मन लावून करतो. तो फक्त फळावरचा स्वतःचा हक्क सोडतो.

ताईंनी दाखवलेली चूक मला म्हणूनच इतकी लागली. त्या दिवसांत परीक्षा जवळ आली होती. मी फक्त पाने संपवत होतो. शिवाय नोकरीच्या अर्जात ‘अनुवादाचा अनुभव’ लिहिता येईल हा हिशेबही मनात होता. म्हणजे सेवेत माझा रस नव्हता, पण हित मात्र होते. ‘डिसइंटरेस्टेड सर्व्हिस’च्या अगदी उलट! माझ्या नकळत मी माझ्याच सेवेचे वर्णन लिहून पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळे प्रवचन पुन्हा सुरुवातीपासून ऐकले आणि अनुवाद नव्याने केला. त्या ओळीत ‘निर्व्याज सेवा’ असे लिहिले. ताईंनी तो शब्द तसाच ठेवला.

निर्व्याज म्हणजे काय?

संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. निंदेच्या आडून स्तुती किंवा स्तुतीच्या आडून निंदा करणाऱ्या अलंकाराला ‘व्याजस्तुती’ म्हणतात ते त्यामुळेच. म्हणून ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे निष्कपट प्रेम. हा झाला कोशातला अर्थ. पण हिशेबाच्या वह्यांत वावरणाऱ्या मला त्यात आपले रोजचे व्याजही दिसते. दिलेल्यावर काही जास्तीचे परत मिळावे ही अपेक्षाच ज्यात नाही, ती निर्व्याज सेवा.

या आठवड्याचा अभ्यास

आपण जी सेवा करता ती डोळ्यांसमोर आणा. सत्संगाच्या सतरंज्या घालणे असो, स्वयंपाकघरातले काम असो की घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा. शांत बसून स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. या कामात माझा रस किती आहे? की मी ते फक्त उरकतो आहे?
२. यात माझे काही हित गुंतले आहे का? कौतुक, ओळख, पुढची जागा?
३. कोणी ‘धन्यवाद’ही म्हटले नाही, तर उद्या मी हे काम एवढ्याच गोडीने करीन का?

उत्तरे वहीत लिहून ठेवा. ती कोणाला दाखवायची नाहीत. आठवड्याने पुन्हा वाचा आणि काही बदलले आहे का ते पाहा. तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर अजून दर वेळी ‘हो’ येत नाही. पण आता काम हाती घेण्याआधी तो प्रश्न मला आठवतो.