बिल्ला, दाखला आणि काबऱ्या

नाशिकच्या पंचवटीत पेठ नाक्याजवळ माझं घर. निवृत्तीला सात वर्षं झाली, तरी पेठ-हरसूलकडची माणसं बाजार समितीत भाजी उतरवली की माझ्या ओट्यावर टेकतात. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. पण खेड्यात बॅग घेऊन गोठ्यात शिरतो तो डॉक्टरच. “डॉक्टर, या कागदावर काय लिवलंय बघा,” हे ऐकता ऐकता, आणि माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, काबऱ्या बैलापायी, जे उमगलं ते मांडतो.

१. थकलेला बैल म्हणजे पुढच्या खोंडाचं भांडवल.

आमच्याकडचा डांगी जातीचा बैल कोणी मांसासाठी पाळत नाही. तेलकट कातडी आणि टणक खूर यांमुळे पेठ-इगतपुरीच्या पावसात चिखलणीला तोच टिकतो. दहा-बारा वर्षं राबला की घोटीच्या बाजारात जायचा. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा, त्यात थोडी भर घालून घरी खोंड यायचं. जुना बैल पुढे कुठे गेला हे आम्ही विचारत नसू, आणि पोळ्याला त्याच्याच पायांवर डोकं ठेवत असू. यात ढोंग आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

१९७६च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती, पण कामातून गेलेल्या बैलाला कत्तलीचा दाखला मिळे. मार्च २०१५मध्ये बैल आणि वळूही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. बैल तोच, पेंढा तेवढाच, भाव मात्र गेला. म्हशीला अजून दाखल्यावर वाट आहे, पण आमच्या भातखाचरांत म्हशी किती जणांकडे?

२. कायदा कोर्टात एक असतो, रस्त्यावर दुसरा.

६ मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण ‘आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं’ हे कलम रद्द केलं. फार मोठी गोष्ट होती ही. ओट्यावर मी ती सगळ्यांना समजावून सांगितली. पुढे काबऱ्या थकला, तेव्हा त्याला हलक्या कामासाठी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे न्यायचं ठरलं. विक्री कायदेशीर, तपासणीचा दाखला खिशात. भाजी उतरवून रिकामे परतणारे टेम्पो पूर्वी थोड्या पैशांत जनावर टाकायचे. या वेळी चौघांनी नकार दिला. पाचवा म्हणाला, “काका, कागद तुम्ही दाखवाल हो, पण ते वाचेपर्यंत मी जिवंत पाहिजे ना.” जून २०२३मध्ये इगतपुरी-घोटीच्या बाजूला संशयावरून दोघांचे जीव गेले होते. त्याला काय उत्तर देणार? काबऱ्या दावणीलाच राहिला.

३. बिल्ला चांगला, पण कान फाटतो.

कानातल्या बारा आकडी बिल्ल्याच्या बाजूचा मी आहे. २०२२च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत कोणतं जनावर कुठून आलं हे कळत नव्हतं, तेव्हा त्याची गरज डोळ्यांनी पाहिली. १ जून २०२४पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद झाली. काबऱ्याचा बिल्ला मात्र करवंदीच्या जाळीत अडकून कानासकट गेला. नोंद होती, नंबर होता, तरी नवा बिल्ला मिळेपर्यंत तीन हेलपाटे झाले. शंभर जनावरांच्या मालकाकडे त्यासाठी गडी असतो. दादाकडे दादाच.

४. औषधाची तारीख लिहून ठेवा.

कत्तलखान्यातले नियम मी वाचलेत: एका डॉक्टरने तासाला बारा आणि दिवसाला ९६पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, गाभण जनावर कापायचं नाही. नियम शहाणे आहेत. पण गोठ्यात आठवड्यापूर्वी काय टोचलं, ते तिथल्या डॉक्टरला कसं कळावं? ते आपणच सांगायचं. हे मी उशिरा शिकलो. २००६पूर्वी लंगड्या बैलांना मी बेधडक डायक्लोफेनॅक देत होतो. सकाळी टोचलं की संध्याकाळी बैल उभा. ते औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली तेव्हा माझ्या बॅगेत दोन बाटल्या उरल्या होत्या.

५. सोय आहे, पण पुरत नाही.

नाशिक-पंचवटी पांजरापोळ १८७८ची. असा जुना आधार गावाजवळ असणं भाग्याचंच, पण जिल्ह्यातले सगळे थकलेले बैल मावतील एवढा गोठा कोणाकडेच नसतो. आम्ही एका लांबच्या गोशाळेत विचारलं. “गाय असेल तर बघू,” म्हणाले. ३० सप्टेंबर २०२४ला देशी गाय राज्यमाता झाली आणि गोशाळांतल्या देशी गायींना दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर झालं. राज्यमातेचा मुलगा मात्र दादाच्याच दावणीला. वहिनी म्हणाली, “याला पेंढा घालू तर गायीला काय?” त्याच महिन्यात गाय व्याली, गोऱ्हा झाला. पूर्वी दादा गूळ वाटायचा. या वेळी काहीच बोलला नाही. चिखलणी आता पॉवर टिलर भाड्याने आणून होते.

६. शेवटचा तपासनीस.

काबऱ्या गेल्या श्रावणात गोठ्यातच गेला. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केली आहे. दादाने तिथे कळवलं. आलेल्या माणसाने ना बिल्ला विचारला, ना बाजाराची पावती. त्याचा एकच प्रश्न होता, आणि दादाने त्यासाठी मला फोन लावला.

“शेवटचं इंजेक्शन कोणतं दिलं होतं?”

“मेलॉक्सिकॅम,” मी म्हणालो. “तारीखही लिहिलेली आहे.”

“मग चालेल,” तो म्हणाला.